विश्लेषण : रूट कॅनालची फाइल किती दाढांना पुरते? मोजदाद कोणी ठेवायची?

दाढेची नस काढताना मुळात फिरणारी फाइल शिवणाच्या सुईपेक्षाही बारीक असते. ती तुटली तर तुकडा मुळातच अडकण्याची भीती असते. वापरलेली फाइल स्वच्छ आणि निर्जंतुक करून पुन्हा वापरणे ही दंतवैद्यकातील जुनी रीत आहे. पण प्रत्येक वापरात तिची थोडी ताकद खर्च होते आणि हा खर्च डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ‘एकदाच वापरा’ की ‘चालेल तोवर चालवा’ या वादापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. फाइल कुठे, किती आणि कशी वापरली गेली याची नोंद कोणी ठेवतो का?

फाइल नेमके काय काम करते?

दाताच्या मुळात अरुंद नलिका असतात. कीड नसेपर्यंत पोहोचली की त्या नलिकांतील मऊ भाग सडतो आणि जंतू मुळाच्या टोकापर्यंत जातात. रूट कॅनालमध्ये हा सडका भाग काढायचा, नलिका घासून रुंद करायची, औषधी द्रावणाने धुवायची आणि शेवटी भरून बंद करायची असते. घासण्याचे काम फाइल करते. समोरच्या वरच्या दाताला बहुधा एकच सरळ नलिका असते. दाढेला मात्र तीन किंवा चार नलिका असतात आणि त्या बऱ्याचदा वाकड्या असतात.

फाइलचे आकार जगभर एकाच पद्धतीने सांगितले जातात. ‘२५ नंबर’ म्हणजे टोकाशी ०.२५ मिलिमीटर जाडी. १५ नंबर पांढरा, २० पिवळा, २५ लाल, ३० निळा, ३५ हिरवा आणि ४० काळा हे रंगही ठरलेले आहेत. पारंपरिक हाताच्या फाइलची जाडी टोकाकडून वर दर मिलिमीटरला ०.०२ मिलिमीटरने वाढते. मशीनवर फिरणाऱ्या फाइलमध्ये ही वाढ ०.०४, ०.०६ किंवा त्याहून जास्त असते. त्यामुळे नलिकेला नरसाळ्यासारखा आकार लवकर येतो, पण फाइल वरच्या भागात जाड होते. हा जाडपणा पुढे महत्त्वाचा ठरतो.

स्टील सोडून निकेल-टायटॅनियम का आले?

रूट कॅनालच्या हत्यारांचा इतिहास घड्याळाच्या स्प्रिंगपासून सुरू होतो. अमेरिकेतील दंतवैद्य एडविन मेनार्ड यांनी १८३८ मध्ये अशी स्प्रिंग घासून पहिले साधन केल्याचे सांगितले जाते. पुढे कार्बन स्टील आणि मग स्टेनलेस स्टील आले. स्टील स्वस्त आणि मजबूत आहे, पण जाड नंबरात ते ताठ होते. वाकड्या नलिकेत ताठ फाइल घातली की ती सरळ होऊ पाहते, वळणाची बाहेरची भिंत जास्त कापते आणि कधी मुळाला भोक पाडते.

निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूचे वेगळेपण अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्युहलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. दोन धातूंच्या आणि त्या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘निटिनॉल’ नाव पडले. दात सरळ करण्याच्या तारांसाठी त्याचा वापर आधी सुरू झाला. १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी अशाच तारेपासून १५ नंबरच्या फाइल तयार करून तपासल्या. त्या स्टीलच्या फाइलपेक्षा दोन ते तीन पट लवचीक निघाल्या आणि पीळ सहन करण्यातही सरस ठरल्या. पुढच्या दशकात मशीनवर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियम फाइल बाजारात आल्या आणि तासाभराचे काम काही मिनिटांवर आले.

या धातूची खुबी त्याच्या आतल्या रचनेत आहे. ताण पडला की त्याच्या स्फटिकांची मांडणी बदलते आणि ताण गेला की ती पूर्ववत होते. त्यामुळे आठ टक्क्यांच्या आसपास ताणूनही तो मूळ आकारात येऊ शकतो. स्टीलची ही मर्यादा एक टक्काही नसते. पण हीच खुबी फसवीही आहे. स्टीलची फाइल दमली की वाकडी राहते, तिचे आटे उलगडलेले दिसतात आणि डॉक्टर ती फेकून देतात. निकेल-टायटॅनियमची फाइल दमली तरी बहुतेक वेळा सरळच दिसते.

फाइल तुटण्याचे प्रकार किती?

मुख्य प्रकार दोन. पहिला पिळाचा. फाइलचे टोक अरुंद जागी अडकते आणि वरून मोटर फिरवतच राहते. ओला टॉवेल एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाने पिळावा तसा धातू पिळला जातो. मर्यादा ओलांडली की तुकडा पडतो. यात धोका मुख्यतः बारीक फाइलला असतो आणि तुटण्याआधी आटे उलगडल्याची खूण बऱ्याचदा दिसते.

दुसरा प्रकार थकव्याचा. लोखंडी तार हाताने एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तीच मागे-पुढे पंधरा-वीस वेळा वाकवली की हातात तुटून येते. वाकड्या नलिकेत फिरणाऱ्या फाइलचे असेच होते. फाइल वाकलेल्या अवस्थेत स्वतःभोवती फिरते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला असलेला भाग ताणला जातो आणि अर्ध्या फेऱ्यानंतर तोच भाग आतल्या बाजूला येऊन दाबला जातो. प्रत्येक फेऱ्याला एक ताण आणि एक दाब. १९व्या शतकात रेल्वेचे आस कोणताही मोठा भार न येता अचानक का तुटतात, याचा शोध जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी घेतला, तेव्हा त्यांच्यासमोर हेच कोडे होते.

ऑस्ट्रेलियातील सत्तपन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये वापरून टाकून दिलेल्या ३७८ फाइल तपासल्या. जवळपास निम्म्या फाइलमध्ये दिसण्याजोगा दोष होता आणि २१ टक्के तुटलेल्या होत्या. तुटलेल्यांपैकी ५५.७ टक्के पिळाने, तर ४४.३ टक्के थकव्याने तुटल्या होत्या. पिळाने तुटलेल्या फाइलवर तुटल्या जागेजवळ आटे विस्कटल्याच्या खुणा होत्या. थकव्याने तुटलेल्या फाइलवर अशी पूर्वसूचना नव्हती. ‘नीट पाहून वापरतो’ हे आश्वासन म्हणूनच अर्धेच खरे आहे. भिंगाखाली पाहणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

वारंवार वापराने नेमके काय घटते?

इटलीतील दंतवैद्य जान्लुका गाम्बारिनी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे नेमके उत्तर मिळते. त्यांनी फाइल दहा रुग्णांपर्यंत वापरल्या आणि मग त्या प्रयोगशाळेत वाकड्या नळीत तुटेपर्यंत फिरवल्या. रुग्णांच्या दातांत काम करताना एकही फाइल तुटली नव्हती. पण नव्या फाइलशी तुलना केली तेव्हा वापरलेल्या फाइल बऱ्याच लवकर तुटल्या. म्हणजे दवाखान्यात सगळे सुरळीत दिसत असताना आयुष्याचा साठा कमी होतच होता.

हा साठा कसा खर्च होतो ते साध्या गणिताने समजते. मोटर मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला पाच फेरे होतात. एका दाढेच्या चार वाकड्या नलिकांत प्रत्येकी १२ सेकंद फाइल फिरली तर ४८ सेकंदांत २४० फेरे झाले. अशा पाच दाढा केल्या की फेरे १२०० झाले. हा आकडा पुसला जात नाही. फाइल धुतल्याने, निर्जंतुक केल्याने किंवा आठवडाभर पेटीत ठेवल्याने थकवा उतरत नाही. माणसाचा थकवा झोपेने जातो, धातूचा साचत राहतो.

फेऱ्यांइतकेच महत्त्व वळणाला आहे. फाइलच्या पृष्ठभागावर पडणारा ताण तिच्या जाडीवर आणि वळणाच्या त्रिज्येवर ठरतो. पाच मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात फाइलचा अर्धा मिलिमीटर जाडीचा भाग आला तर बाहेरची बाजू सुमारे पाच टक्के ताणली जाते. पाव मिलिमीटर जाडीचा भाग असेल तर अडीच टक्के. म्हणून जाड फाइल पिळाला टिकते, पण वाकड्या नलिकेत थकून आधी तुटते. बारीक फाइलचे याच्या उलट असते. ‘जाड म्हणजे मजबूत’ हा रोजच्या व्यवहारातला नियम इथे चालत नाही.

थकव्याची सुरुवात पृष्ठभागावर होते. फाइल घडवताना धातूवर सूक्ष्म चरे राहतात. ताण तिथे एकवटतो, चिरेचे तोंड उघडते आणि प्रत्येक फेऱ्याला चीर किंचित पुढे सरकते. कंपन्या फाइलना चकाकी देतात, उष्णतेची प्रक्रिया करतात, ती या चिरेला उशीर व्हावा म्हणून. अलीकडच्या सोनेरी किंवा निळसर छटेच्या फाइल अशाच प्रक्रियेतून आलेल्या असतात आणि थकव्याला जुन्या फाइलपेक्षा जास्त टिकतात. पण शरीराच्या तापमानाला त्यांचे आयुष्य खोलीच्या तापमानाला मोजलेल्या आयुष्यापेक्षा कमी भरते. जाहिरातीतला आकडा वाचताना चाचणी किती तापमानाला झाली हे पाहावे लागते.

मग ‘इतक्या वेळा वापरा’ असा आकडा का सांगता येत नाही?

कारण ‘एक वापर’ हे माप सारखे नाही. समोरच्या सरळ दातात फाइल फिरवली तर तिला थकवा जवळजवळ येतच नाही. अक्कलदाढेशेजारच्या, दुहेरी वळणाच्या नलिकेत एकदाच फिरवली तरी तिचे बहुतांश आयुष्य संपू शकते. दोन्हींची नोंद वहीत ‘एक’ अशीच होते. घाटात हजार किलोमीटर चाललेल्या टायरची आणि सरळ रस्त्यावर तेवढेच चाललेल्या टायरची झीज सारखी मानण्यासारखे ते आहे.

दुसरे कारण हाताचे. पॅराशॉस, गॉर्डन आणि मेसर यांनी २००४ मध्ये चार देशांतील १४ तज्ज्ञांनी वापरून टाकलेल्या ७,१५९ फाइल तपासल्या. १७ टक्के फाइलमध्ये दोष होता. १२ टक्के उलगडलेल्या आणि पाच टक्के तुटलेल्या होत्या. दोषांच्या प्रमाणावर सर्वांत मोठा प्रभाव फाइल चालवणाऱ्या व्यक्तीचा आढळला. आधी हाताच्या बारीक फाइलने वाट करून घेणे, फाइल दाबून न घालणे, वळणात ती एका जागी फिरत न ठेवणे, द्रावण भरपूर वापरणे आणि मोटरची पीळमर्यादा पाळणे या साध्या शिस्तीने फाइलचे आयुष्य वाढते. घाईने काम करणाऱ्या हातात नवी कोरी फाइलही पहिल्याच दाढेत तुटू शकते.

याच निष्कर्षाचा आधार घेऊन काही जण म्हणतात की वापराची संख्या मोजण्यात अर्थ नाही, कौशल्यच महत्त्वाचे. हा युक्तिवाद सोयीचा आहे. चांगल्या चालकाच्या हातात टायर जास्त टिकतो, म्हणून टायरला आयुष्यच नसते असे होत नाही. कौशल्याने प्रत्येक वापरातला खर्च कमी होतो, पण खर्चाची बेरीज थांबत नाही. उलट कुशल डॉक्टरांच्या फाइल अधिक दिवस पेटीत राहतात, म्हणून मोजदादीची गरज त्यांनाही आहे.

निर्जंतुकीकरणाने फाइल कमकुवत होते का?

ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअस तापमानाची वाफ असते. ती फाइलच्या ताकदीवर काय परिणाम करते याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींना फरक आढळला नाही, काहींना पृष्ठभाग खडबडीत झालेला दिसला, तर उष्णता-प्रक्रिया केलेल्या काही फाइलना उलट थोडा फायदा झाल्याचे दिसले. नलिका धुण्यासाठी वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइट हेही दीर्घ संपर्कात धातूला खाऊ शकते. पण थकव्याच्या तुलनेत हे दोन्ही घटक दुय्यम मानले जातात.

निर्जंतुकीकरणाचा खरा प्रश्न स्वच्छतेचा आहे. फाइलच्या आट्यांत आणि चिरांत दाताचा भुगा आणि ऊतींचे कण अडकतात. आधी घासून आणि अल्ट्रासॉनिक यंत्रात धुऊन ते काढले नाहीत तर ऑटोक्लेव्हची वाफ सगळीकडे पोहोचत नाही. फाइल जितकी जुनी, तितक्या चिरा जास्त आणि तितके ती स्वच्छ करणे कठीण. ताकदीचा आणि स्वच्छतेचा प्रश्न इथे एकमेकांना भेटतो.

‘एकदाच वापरा’ हा आग्रह कुठून आला?

त्याचे मूळ ताकदीत नसून संसर्गाच्या भीतीत आहे. ब्रिटनमध्ये ‘मॅड काऊ’ आजाराशी जोडलेल्या मेंदूविकाराने खळबळ उडाली होती. त्याला कारणीभूत असलेली प्रिऑन प्रथिने नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला दाद देत नाहीत. दाताच्या नसेतून ती पसरण्याची शक्यता सैद्धांतिक होती, तरी ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये रीमर आणि फाइल एकाच रुग्णासाठी वापरण्याचा सल्ला दंतवैद्यांना दिला.

पुढच्या काळात उद्योगानेही तोच मार्ग धरला. घसन यारेद यांनी २००८ मध्ये एकाच फाइलला पुढे-मागे अर्धवट फेरे देऊन नलिका तयार करण्याची पद्धत मांडली. पूर्ण फेरा सलग न झाल्याने थकवा आणि पीळ दोन्ही कमी होतात. या तत्त्वावर २०११ च्या सुमारास ‘वेव्हवन’ आणि ‘रेसिप्रॉक’ या फाइल बाजारात आल्या. त्यांच्या दांड्यावरचे प्लास्टिकचे कडे ऑटोक्लेव्हमध्ये फुगते आणि फाइल पुन्हा मोटरमध्ये बसत नाही. रुग्णाच्या सुरक्षेसाठी हे चांगले, पण फाइलचा खप वाढवणारेही आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तुकडा मुळात राहिला तर दात गेला असे समजायचे का?

नाही. इथे रुग्णांची भीती वास्तवापेक्षा मोठी असते. मेलबर्नच्या एका विशेषज्ञ दवाखान्यातील ८,४६० उपचारांचा आढावा स्पिली, पॅराशॉस आणि मेसर यांनी २००५ मध्ये मांडला. ३.३ टक्के दातांत फाइलचा तुकडा राहिला होता. तुकडा राहिलेल्या दातांपैकी ९१.८ टक्के बरे झाले होते आणि तशाच, पण तुकडा नसलेल्या दातांत हे प्रमाण ९४.५ टक्के होते. मुळाच्या टोकाशी आधीच गळू असलेल्या दातांत मात्र फरक वाढला. तिथे ही प्रमाणे ८६.७ आणि ९२.९ टक्के होती.

म्हणजे प्रश्न धातूच्या तुकड्याचा कमी आणि त्याच्या पलीकडे अडकलेल्या जंतूंचा जास्त आहे. नलिका बरीचशी साफ झाल्यावर तुकडा पडला तर तो भराव्याचाच भाग होऊन राहू शकतो. सुरुवातीलाच पडला तर पुढची वाट बंद होते. अशा वेळी तुकड्याच्या बाजूने वाट काढणे, सूक्ष्मदर्शक आणि अल्ट्रासॉनिक टोकाने तो काढणे किंवा तो तसाच ठेवून दातावर लक्ष ठेवणे हे पर्याय असतात. वळणापलीकडे गेलेला तुकडा काढण्याच्या नादात निरोगी मूळ पोखरले जाण्याचा धोकाही असतो. ही आकडेवारी अनुभवी तज्ज्ञांच्या हातची आहे, हेही विसरता येत नाही.

पण यातील कोणताही पर्याय निवडायचा तर रुग्णाला तुकडा राहिल्याचे माहीत हवे. तसे झाले नाही तर दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या गावातील दुसरा डॉक्टर एक्स-रे काढतो, पांढरी रेघ दाखवतो आणि रुग्णाला पहिल्यांदाच कळते. फाइल तुटणे ही उपचारातली ज्ञात गुंतागुंत आहे, तिला सरसकट निष्काळजीपणा म्हणता येत नाही. ती दडवणे हा मात्र विश्वासभंग आहे.

खर्चाचे गणित कोणाच्या बाजूने?

समजा एका फाइल-संचाची किंमत तीन हजार रुपये आहे. तो एकाच रुग्णाला वापरला तर तीन हजारांचा पूर्ण भार त्याच्या बिलात येतो. पाच रुग्णांना वापरला तर प्रत्येकी सहाशे. हा २४०० रुपयांचा फरक शहरातल्या विमाधारक रुग्णाला जाणवणार नाही. तालुक्याच्या गावातील शेतमजुराला मात्र तो ‘दाढ वाचवा’ आणि ‘दाढ काढून टाका’ यांमधला फरक ठरू शकतो. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत रोज रांगेत उभ्या राहणाऱ्या रुग्णांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून ब्रिटनचा सल्ला उचलून इथे सक्ती करण्याची मागणी भाबडी ठरते. फाइल वाचली नाही म्हणून जितक्या दाढा जातील, त्यापेक्षा जास्त दाढा खर्च परवडला नाही म्हणून काढल्या जाण्याची भीती आहे. पण खर्चाची ही ढाल दोन्ही बाजूंनी वापरली जाते. एकच संच पाच जणांना वापरून प्रत्येकाच्या बिलात नव्या संचाची किंमत लावली जात असेल, तर ते गरिबाच्या सोयीसाठी चाललेले नाही. बचत रुग्णापर्यंत पोहोचत नसेल तर जोखीम तरी त्याने एकट्याने का घ्यावी?

भारतात कायदा काय सांगतो?

२०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उपकरण एकदाच वापरायचे असेल तर तसे वेष्टनावर दाखवावे लागते. त्याची आंतरराष्ट्रीय खूण सोपी आहे. वर्तुळात इंग्रजी २ चा आकडा आणि त्यावर काट. अशी खूण असलेली फाइल पुन्हा वापरली तर उत्पादकाच्या सूचनेबाहेर जाऊन वापर होतो आणि जबाबदारी डॉक्टरवर येते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार टाकाऊ धारदार धातू पांढऱ्या, पारदर्शक, भोक न पडणाऱ्या डब्यात जायला हवा.

रुग्णाच्या बाजूने दोन न्यायनिर्णय भक्कम आहेत. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके समजावून घेतलेली संमतीच खरी संमती, असे स्पष्ट केले. फाइल तुटण्याची शक्यता हा रूट कॅनालमधला सर्वज्ञात धोका आहे. संमतीपत्रात त्याचा उल्लेख असणे आणि तो तोंडी मराठीत समजावून सांगणे हे उपकार नव्हेत.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, दात मोजण्याऐवजी नलिका मोजाव्यात. प्रत्येक संचाला क्रमांक द्यावा आणि त्याने किती सरळ, किती वाकड्या नलिका केल्या याची नोंद रुग्णाच्या कागदावर करावी. काही उत्पादकांनी दांड्यावर पाकळ्यांची चकती देऊन प्रत्येक वापरानंतर एक पाकळी तोडण्याची सोय केली होती. ती नसेल तर साधी वहीही पुरते. डॉक्टरच्या डोक्यातली मोजदाद मात्र पुरत नाही, कारण फाइल डॉक्टर वापरतात, पण धुणे, निर्जंतुक करणे आणि पेटीत लावणे अनेकदा मदतनीस करतात.

दुसरी गोष्ट, तीव्र वळणाच्या दाढेला वापरलेली फाइल त्याच रुग्णावर संपवावी. दुहेरी वळण, अडकलेली फाइल, उलगडलेले आटे यांपैकी काहीही आढळले की ती डब्यात जावी, मग तो तिचा पहिला वापर का असेना. सरळ नलिकेत वापरलेली फाइल मर्यादेत पुन्हा वापरता येईल. काटकसर करायची ती सरळ दातांत, वळणात नव्हे. त्यातही एकदाच वापरण्याची खूण असलेल्या फाइलला ही सवलत नाही.

तिसरी गोष्ट, बिलात फाइलचा खर्च वेगळा दाखवावा. नवा संच हवा असेल तर किती आणि वापरलेला, नोंद असलेला संच चालणार असेल तर किती, हे रुग्णाला आधी कळावे. असा पर्याय समोर ठेवायला डॉक्टर कचरत असतील, तर त्या कचरण्यातच उत्तर आहे. रुग्णानेही बिचकण्याचे कारण नाही. ‘ही फाइल आधी किती वेळा वापरली आहे?’ हा प्रश्न अविश्वासाचा नाही. रिक्षात बसताना मीटर पाडायला सांगण्याइतका तो साधा आहे.

चौथी गोष्ट दंत महाविद्यालयांच्या आणि दंत परिषदेच्या हातात आहे. तुटलेल्या फाइलची नोंद शिक्षेच्या भीतीशिवाय करण्याची पद्धत विद्यार्थिदशेतच रुजली, तर पुढे खासगी दवाखान्यात तुकडा लपवण्याची सवय लागणार नाही. आज याबाबतचे हवाले ऑस्ट्रेलिया आणि इटलीचे द्यावे लागतात. महाराष्ट्रातील दवाखान्यांत फाइल किती चालवल्या जातात आणि किती तुटतात, हे इथल्याच नोंदींतून कळायला हवे.

फाइल तुटणे पूर्णपणे टाळता येणार नाही. नवी फाइल, उत्तम हात आणि महागडी मोटर असूनही एखादे मूळ दगा देते. पण तुटण्याआधी ती किती चालली होती हे माहीत असणे आणि तुटल्यावर ते रुग्णाला सांगणे, या दोन गोष्टींना महागड्या यंत्राची गरज नाही. धातूचा थकवा दिसत नाही, म्हणूनच तो लिहून ठेवावा लागतो.